रक्त केव्हा बोलते?

वाचकहो, या धड्याचा विषय थोडा संकोचाचा आहे. चारचौघांत त्यावर कोणी बोलत नाही. पण न बोलल्याने रोग जात नाही, उलट वाढतो. म्हणून आम्ही तो येथे सरळ शब्दांत मांडीत आहोत. हा धडा पुरुषांनी वाचावा. बायकांनीही वाचावा. नवराबायकोंनी एकमेकांना वाचून दाखवला, तर फारच चांगले.

1. खिशातला कागद

चाकणच्या बाजूला आमचा रात्रीचा वर्ग भरतो. दिवसपाळी सुटली की कामगार येतात. कोणी बीडचा, कोणी लातूरचा, कोणी नांदेडचा. एकेका खोलीत चारचार, पाचपाच जण राहतात. घरची माणसे गावाकडे असतात.

त्यांत एक तरुण होता. त्याचे आईबाप ऊसतोडीला जात, म्हणून लहानपणीच त्याची शाळा सुटली होती. आमच्याकडे आला तेव्हा अंगठा करीत असे. वर्षभरात सही करू लागला, गाडीवरची पाटी वाचू लागला. त्याची बायको सातव्या महिन्यात होती. पहिलेच बाळंतपण, म्हणून ती माहेरी गेली होती.

12 ऑगस्टला वर्ग सुटला, तरी तो मागे रेंगाळला. सगळे गेल्यावर त्याने खिशातून एक घडी घातलेला कागद काढला.

"गुरुजी, एवढं वाचून सांगा की. इंग्रजी हाय."

तो रक्त तपासल्याचा रिपोर्ट होता. आम्ही त्याला काही विचारले नाही. त्यानेच खाली मान घालून सांगितले. 7 ऑगस्टला पगार झाला. त्या रात्री तो सोबत्यांबरोबर बाहेर गेला. दारू प्याला. एका अनोळखी बाईशी त्याचा शरीरसंबंध आला. निरोध वापरला नव्हता. पुढे खोलीतला एक जण म्हणाला, "असल्या बाबतीत हर्पीस नावाचा रोग लागतो, तो जन्मभर जात नाही." तेव्हापासून त्याची झोप उडाली. 11 ऑगस्टला तो एका खासगी लॅबमध्ये गेला आणि पैसे भरून रक्त तपासून आला.

कागदावर लिहिले होते, 'निगेटिव्ह'.

"निगेटिव्ह म्हंजे रोग न्हाई ना, गुरुजी?"

आम्ही म्हणालो, "नाही. सुटलास बाबा. आता पुन्हा त्या वाटेला जाऊ नकोस."

त्याचा चेहरा उजळला. तो म्हणाला, "मग गणपतीला बिनघोर गावी जातो. मंडळीला बघून येतो."

वाचकहो, येथे आमची चूक झाली. कागदावर एक शब्द होता आणि दोन तारखाही होत्या. आम्ही शब्द वाचला, तारखा वाचल्या नाहीत. तीस-बत्तीस वर्षे आम्ही मुलांना सांगत आलो की, उत्तर लिहिण्याआधी प्रश्न पुरता वाचावा. त्या दिवशी आम्हीच तसे केले नाही.

रात्री अंथरुणावर पडल्यावर मन खाऊ लागले. चार दिवसांत रक्ताला एवढे कळते काय? दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. तेथे समुपदेशक बाई होत्या. समुपदेशक म्हणजे रोगाविषयी नीट समजावून सांगणारे, सल्ला देणारे माणूस. त्यांनी कागद हातात घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, "प्रसंग कोणत्या तारखेला घडला? आणि रक्त कोणत्या तारखेला दिलं?"

तरुण म्हणाला, "सातला. आन् अकराला."

बाई म्हणाल्या, "म्हणजे चारच दिवस. दादा, हा कागद खोटा नाही. पण तुम्ही जे विचारता आहात, त्याचं उत्तर यात नाही."

हे कसे, ते आता पाहू.

2. हर्पीस म्हणजे काय?

आपल्याकडे कमरेवर किंवा छातीवर पट्ट्यासारखे फोड येतात. त्याला लोक नागीण म्हणतात. इंग्रजीत त्याच्या नावातही हर्पीस हा शब्द आहे, म्हणून घोटाळा होतो. पण तो रोग वेगळा. लहानपणच्या कांजिण्यांचे विषाणू शरीरात दडून राहतात आणि पुढे केव्हातरी डोके वर काढतात, ती नागीण. तिचा शरीरसंबंधाशी काही संबंध नाही.

आपण ज्या हर्पीसविषयी बोलतो आहोत, त्याचे दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार बहुधा तोंडाला होतो. ताप आल्यावर किंवा दगदग झाल्यावर काहींच्या ओठाच्या कडेला पाण्याने भरलेले बारीक फोड येतात, तो हा. तो पुष्कळांना लहानपणीच लागतो. घरातल्या कोणी मुका घेतला, त्यांतून लागतो. त्यात कोणाची बदचाल नसते. दुसरा प्रकार बहुधा लघवीच्या जागी, जांघेत किंवा ढुंगणावर होतो. तो शरीरसंबंधातून लागतो. मात्र पहिला प्रकारही तोंडाच्या संबंधातून लघवीच्या जागी लागू शकतो.

रोग लागल्यापासून साधारण 2 ते 12 दिवसांत फोड येतात. ते फुटतात, दुखतात, आग होते. लघवी करताना चरचरते. दोन-तीन आठवड्यांत ते बरे होतात. पण विषाणू मज्जातंतूंत दडून राहतात आणि पुढे पुन्हा फोड आणू शकतात. खरी अडचण अशी की, पुष्कळांना फोड येतच नाहीत, किंवा इतके थोडे येतात की घामोळे समजून माणूस दुर्लक्ष करतो. असा माणूसही दुसऱ्याला रोग देऊ शकतो.

एकाच कपातून चहा घेतल्याने, एकच संडास वापरल्याने किंवा दुसऱ्याने हाताळलेल्या यंत्राला हात लावल्याने लघवीच्या जागेचा हर्पीस लागत नाही. तेव्हा खोलीतल्या सोबत्याला वाळीत टाकू नये.

हा रोग दुर्मीळही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2024 साली सांगितले की, जगात 15 ते 49 वर्षे वयाच्या दर 5 माणसांत 1 हून अधिक माणसांना लघवीच्या जागेचा हर्पीस आहे. तेव्हा ज्याला तो झाला, त्याने जिवाचे बरेवाईट करण्याचे कारण नाही. असिक्लोवीर नावाच्या गोळ्या मिळतात. त्यांनी विषाणू समूळ जात नाही, पण फोड लवकर बरे होतात आणि पुन्हा येणे कमी होते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. पेनिसिलिनने गरमी, म्हणजे सिफिलिस, बरी होते. त्यामुळे जुन्या लोकांत असा समज पसरला की, एक सुई टोचली की सगळे गुप्तरोग पळतात. तसे नाही. पेनिसिलिन जिवाणूंना मारते. हर्पीस विषाणूंचा रोग आहे. त्यावर पेनिसिलिनचा काही उपयोग नाही. म्हणून औषधाच्या दुकानातून मनानेच गोळ्या आणून खाऊ नयेत.

3. रक्त उशिरा का बोलते?

शेतकऱ्याला हे सांगणे सोपे आहे. आज तुम्ही ज्वारी पेरली. उद्या सकाळी कोणी बांधावर येऊन पाहिले, तर रान काळेच दिसेल. तो म्हणेल, "यात काही पेरलेले नाही." त्याने पाहिले ते खरे, पण काढलेला अर्थ चुकीचा. बी मातीत आहे. कोंब वर यायला दिवस लागतात.

रक्ताचे तसेच आहे. रोगाचे जंतू अंगात शिरले की शरीर त्यांच्याशी लढण्यासाठी रक्तात एक पदार्थ तयार करते. त्याला प्रतिपिंड म्हणतात. हर्पीससाठी रक्त तपासतात, तेव्हा लॅबवाला विषाणू शोधत नाही. तो हे प्रतिपिंड शोधतो. प्रतिपिंड तयार व्हायला काही आठवडे लागतात. तोवर रोग अंगात असला, तरी कागदावर 'निगेटिव्ह' असेच येते.

या काळाला डॉक्टर 'विंडो पिरियड' म्हणतात. आपण त्याला रक्ताचा मुका काळ म्हणू. या काळात रक्त मुके असते. मुक्या माणसाने उत्तर दिले नाही, म्हणून त्याला काही माहीत नाही असे कोणी समजू नये.

मग चौथ्या दिवसाच्या कागदाचा अर्थ काय? त्याचा अर्थ एवढाच की, त्या रात्रीच्या बऱ्याच आधीपासून या माणसाला हा रोग असल्याची खूण रक्तात मिळाली नाही. तो कागद मागचे सांगतो. त्या रात्री काय झाले, ते सांगत नाही.

4. किती दिवस थांबावे?

काहींच्या रक्तात हर्पीसचे प्रतिपिंड दोन-तीन आठवड्यांत दिसू लागतात. पुष्कळांच्या रक्तात 6 ते 12 आठवड्यांत दिसतात. काहींना त्याहूनही वेळ लागतो. म्हणून शेवटचे उत्तर हवे असेल, तर प्रसंगापासून 16 आठवडे, म्हणजे 112 दिवस, जाऊ द्यावेत. त्याआधी आलेले 'निगेटिव्ह' हे पक्के उत्तर नव्हे.

बाईंनी त्या तरुणाला भिंतीवरचे कॅलेंडर दाखवले. म्हणाल्या, "इंग्रजी अक्षरं येत नसली तरी आकडे येतात ना? तुम्हीच मोजा." त्याने बोट ठेवून आठवडे मोजले आणि आपल्या वहीत असे लिहिले:

प्रसंग: 7 ऑगस्ट.
6 आठवडे पुरे: 18 सप्टेंबर.
12 आठवडे पुरे: 30 ऑक्टोबर.
16 आठवडे पुरे: 27 नोव्हेंबर.

लिहिताना त्याचा हात थरथरत होता. पण हिशेब बिनचूक होता.

तपासणीच्या नावाकडेही लक्ष द्यावे. हर्पीसच्या रक्ततपासणीत 'आयजीजी' आणि 'आयजीएम' अशी दोन नावे येतात. लॅबवाले पुष्कळदा दोन्ही करतात. आयजीएम लवकर कळते, असे सांगतात. पण हर्पीसच्या बाबतीत आयजीएमवर भरवसा ठेवता येत नाही. रोग नसताना ती 'पॉझिटिव्ह' येऊ शकते, आणि प्रकार पहिला की दुसरा तेही नीट सांगत नाही. त्यामुळे निष्पाप माणूस उगाच घाबरा होतो. तपासणी करायचीच तर आयजीजी करावी, आणि ती दोन्ही प्रकार वेगवेगळे दाखवणारी असावी. आयजीजीचा आकडा काठावरचा, म्हणजे थोडासाच वाढलेला असेल, तर तोही कधी कधी चुकतो. तो दुसऱ्या तपासणीने ताडून पाहावा लागतो.

आणखी एक सांगतो. अंगावर काही लक्षण नाही, अशा प्रत्येकाने ही तपासणी करावी असे डॉक्टर सांगत नाहीत. आधी डॉक्टरांना विचारावे, मगच पैसे खर्चावेत.

5. थांबू नये अशा गोष्टी

आतापर्यंत आम्ही धीर धरा असे सांगितले. पण काही बाबतींत धीर धरणे घातक आहे. तेथे घाईच करावी.

पहिली गोष्ट. धोक्याच्या प्रसंगात हर्पीसपेक्षा मोठी काळजी एचआयव्हीची असते. एचआयव्ही लागू नये म्हणून एक औषध असते. ते जितके लवकर, तितके चांगले. उशिरात उशिरा 72 तासांच्या आत, म्हणजे तीन दिवसांच्या आत, ते सुरू करावे लागते आणि 28 दिवस घ्यावे लागते. त्याची गरज आहे की नाही, हे डॉक्टर ठरवतात. पण त्यासाठी आपण वेळेवर पोचले पाहिजे. 72 तास उलटल्यावर त्याचा उपयोग राहत नाही. आमच्या तरुणाची ती मुदत 10 ऑगस्टच्या रात्री संपली. त्या वेळी तो खोलीत पडून लॅबचा पत्ता शोधत होता. ज्या रक्ताला अजून बोलता येत नव्हते, त्याला विचारण्यात दिवस गेला, आणि ज्या दाराला मुदत होती, ते बंद झाले.

दुसरी गोष्ट. फोड किंवा जखम दिसली, तर थांबू नये. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, डॉक्टरांना दाखवावे. ओल्या फोडावर कापसाची काडी फिरवून त्यातले पाणी तपासता येते. त्यात प्रत्यक्ष विषाणू सापडतो, त्यामुळे 16 आठवडे थांबावे लागत नाही. फोड वाळला की ही संधी जाते. लाज वाटते म्हणून पुष्कळ जण फोड वाळेपर्यंत लपवतात आणि मग रक्त तपासत बसतात. हे उलटे झाले.

तिसरी गोष्ट. घरात गरोदर बाई असेल, तर तिला त्याच दिवसापासून जपावे. शेवटच्या तीन महिन्यांत आईला हर्पीस नव्याने लागला, तर बाळंतपणाच्या वेळी तो बाळाला लागण्याचा धोका फार मोठा असतो. नवजात बाळाला हा रोग झाला, तर जिवावर बेतते. बाळ वाचले तरी मेंदूला इजा राहू शकते. तेव्हा मुक्या काळात नवऱ्याने बायकोशी शरीरसंबंध ठेवू नये, तोंडाचाही नाही. निरोधाने धोका कमी होतो, पण पुरता जात नाही, कारण फोड निरोधाने न झाकलेल्या जागीही असतात. ज्या बाईला हर्पीस आधीपासून आहे, तिने घाबरू नये. तिने फक्त डॉक्टरांना आधीच सांगावे. बाळंतपणाच्या वेळी फोड असतील, तर डॉक्टर शस्त्रक्रियेने बाळ बाहेर काढतात. आणि ज्याच्या ओठावर फोड आहेत, त्याने लहान बाळाचा मुका घेऊ नये, मग तो आजा असो की मामा.

हे सगळे ऐकताना तो तरुण गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "म्हंजे त्या कागदावर इसंबून म्या गावी गेलो असतो, तर?"

कोणी उत्तर दिले नाही. आमचीही मान खाली गेली.

6. कागद काय सांगत नाही?

आता दुसरी बाजू पाहू. समजा, कागदावर 'पॉझिटिव्ह' आले. तर तो कागद एवढेच सांगतो की, या माणसाला केव्हातरी हा विषाणू लागला आहे. केव्हा लागला, हे तो सांगत नाही. काल लागला की दहा वर्षांपूर्वी, कळत नाही. कोणाकडून लागला, हेही तो सांगत नाही. पहिल्या प्रकाराचे प्रतिपिंड असतील, तर ते लहानपणच्या ओठावरच्या फोडांचेही असू शकतात.

हे आम्ही मुद्दाम सांगतो. बायकोच्या कागदावर 'पॉझिटिव्ह' आले, की काही घरांत तिला मारहाण होते, माहेरी धाडतात. पुष्कळदा तो रोग नवऱ्यानेच आणलेला असतो, आणि त्याला फोड कधी आलेलेच नसतात. एका कागदावरून कोणाच्या चालीचा निवाडा करू नये. कागद न्यायाधीश नव्हे.

7. भोसरीची संस्था

आपल्या भागातल्या लोकांना अभिमान वाटावा अशी एक गोष्ट आहे. भोसरीच्या एमआयडीसीत कारखान्यांच्या गर्दीत राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था या नावाने सुरू झालेली संस्था आहे. ती 1992 साली स्थापन झाली. 'नारी' या नावाने लोक तिला ओळखत आले.

1993 ते 2000 या काळात पुण्यातल्या चार दवाखान्यांत 2732 माणसांची पाहणी झाली. ही माणसे गुप्तरोगाच्या किंवा तशाच तक्रारीसाठी आली होती. एचआयव्ही मात्र कोणालाही नव्हता. त्यांच्यातल्या दर 100 माणसांपैकी 43 जणांच्या रक्तात दुसऱ्या प्रकारच्या हर्पीसची खूण सापडली. मग शास्त्रज्ञ त्यांचे रक्त पुन्हा पुन्हा तपासत राहिले. त्यात असे दिसले की, ज्यांना हा हर्पीस गेल्या सहा महिन्यांत नव्याने लागला होता, त्यांना एचआयव्ही लागण्याचा धोका हर्पीस नसलेल्यांच्या जवळजवळ पावणेचार पट होता. 2003 साली हे प्रसिद्ध झाले.

याचे एक कारण सोपे आहे. फोड फुटला की कातडीला वाट पडते. त्या वाटेने दुसरा रोग आत शिरतो. म्हणून डॉक्टर धोक्याच्या प्रसंगानंतर एकट्या हर्पीसचा विचार करत नाहीत. एचआयव्ही आणि गरमी यांचीही तपासणी सांगतात. त्या रोगांनाही मुका काळ आहेच. म्हणून पहिली तपासणी लगेच करतात आणि साधारण 6 आठवड्यांनी व 3 महिन्यांनी ती पुन्हा करतात. नेमक्या तारखा आपले डॉक्टर सांगतील, त्या पाळाव्यात.

8. कोठे जावे? भीती कशाची?

चाकणला ग्रामीण रुग्णालय आहे. पिंपरीत संत तुकारामनगरात महानगरपालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. सरकारी दवाखान्यात गेल्यावर "आयसीटीसी केंद्र कुठं आहे?" एवढेच विचारावे. तेथे एचआयव्हीची तपासणी आणि सल्ला फुकट मिळतो. 1097 या क्रमांकावर फोन केला, तरी फुकट माहिती मिळते.

पुष्कळ कामगारांना वाटते की, कंपनीला कळले तर काम जाईल. यासाठी कायदा आहे. एचआयव्ही व एड्सविषयीचा कायदा 2017 साली झाला आणि 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला. त्याप्रमाणे माणसाची संमती घेतल्याशिवाय त्याची एचआयव्ही तपासणी करता येत नाही. कामावर घेण्यासाठी ही तपासणी सक्तीची करता येत नाही. त्याचे उत्तर कोणी दुसऱ्याला वाटेल तसे सांगायचे नसते.

9. पुढे काय झाले?

तो तरुण गणपतीला गावी गेला. पण बिनघोर नाही गेला. जाताना वहीतले तारखांचे पान फाडून खिशात घेतले. बायकोला त्याने सगळे सांगितले. दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने ते पान मागितले. ती चौथी शिकलेली होती. तिने एकेक तारीख वाचली आणि म्हणाली, "बाळंतपण तर दिवाळीच्या आसपास हाय. म्हंजे तुमचं उत्तर बाळाच्या मागून येणार. मग तवर लांबच ऱ्हावा. आन् दवाखान्यातल्या बाईंना मी सांगते."

तिने तसे सांगितले. तोही तिन्ही तारखांना रक्त द्यायला गेला, एकही चुकवली नाही. दारूही सुटली, असे तो म्हणतो. आम्ही त्यावर विश्वास ठेवतो.

त्याच्या शेवटच्या कागदावर काय आले, ते आम्ही येथे लिहीत नाही. तो कागद त्याचा आहे. त्याचे नावही म्हणूनच दिले नाही. मात्र एक गोष्ट लिहायला त्याने परवानगी दिली आहे. मुलगी झाली. आई आणि मुलगी दोघी सुखरूप आहेत.

हल्ली वर्गात कोणी कागद वाचायला आणला, की आम्ही आधी त्यावरची तारीख वाचतो.

ध्यानात ठेवा

धोक्याचा प्रसंग घडला, तर तारीख आणि वेळ लिहून ठेवा.
72 तासांच्या आत सरकारी दवाखान्यात जा.
फोड दिसला, तर ओला असतानाच दाखवा.
हर्पीससाठी रक्ताचे पक्के उत्तर 16 आठवड्यांनी मिळते. लवकरच्या 'निगेटिव्ह'वर विसंबू नका.
उत्तर येईपर्यंत घरच्या माणसाला जपा.
रिपोर्ट घेताना लॅबवाल्याकडून मागच्या बाजूला मराठीत लिहून घ्या: कोणती तपासणी केली, रक्त कोणत्या तारखेला घेतले. पुन्हा केव्हा तपासायचे, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

प्रश्न

1. तरुणाचा कागद खोटा नव्हता. मग त्यावर विसंबणे चूक का होते?
2. रक्ताचा मुका काळ म्हणजे काय? शेतातले उदाहरण देऊन सांगा.
3. कोणत्या तीन बाबतींत थांबू नये?
4. समजा, प्रसंग 1 जूनला घडला. 16 आठवडे कोणत्या तारखेला पुरे होतील? कॅलेंडर पाहून मोजा आणि वहीत लिहा.
5. 'पॉझिटिव्ह' कागद कोणत्या दोन गोष्टी सांगत नाही?